ठमाबाईच्या वाट्याचं पाणी

देवतळीच्या ठमाबाई उतेकरला आयुष्यात एकच बक्षीस मिळालं, आणि ते तिला फार महागात पडलं.

महाड सोडून पोलादपूरकडे निघालं की मधेच हायवेवरून एक रस्ता डोंगराच्या कुशीत वळतो. त्याच्या टोकाला देवतळी. गावाला नाव मिळालं ते देवळासमोरच्या तळ्यामुळे. तळं काही फार मोठं नाही. या काठावरून हाक मारली, तर त्या काठावरच्या बाईला ऐकू न आल्याचं सोंग करता येत नाही, एवढंच. पण गावाचा अर्धा संसार तिथेच चालायचा. म्हशी तिथे डुंबायच्या, धुणी तिथे आपटली जायची, भांडणं तिथे सुरू व्हायची आणि भादव्यात गौरही तिथूनच घरी यायची. लेकीसुना तळ्याकाठचा तेरडा मुळासकट उपटायच्या, मुळं त्याच पाण्यात धुवायच्या आणि वाटेत कुणाशी चकार शब्द न बोलता गौर घरी आणायच्या. तिसऱ्या दिवशी तिला परत त्याच पाण्यात पोचवायचं. माहेरवाशीण ज्या वाटेनं आली त्याच वाटेनं गेली पाहिजे, नाहीतर पुढच्या वर्षी ती वाट चुकते, असं देवतळीच्या बायका मानत. ठमाबाई तर फारच मानायची.

ही ठमाबाई हाडापेरानं मोठी, कपाळाला रुपयाएवढं कुंकू, आणि आवाज असा की शेवटच्या रांगेत डुलकी घेणारा प्रेक्षक दचकून उठला असता. रंगमंच काही तिच्या नशिबात नव्हता. पण तळ्याच्या घाटावर ती धुणं घेऊन उतरली की बाकीच्या बाया आपोआप थोड्या सरकून बसत. प्रमुख पात्राला जागा लागतेच.

सत्त्याण्णव साली गावात महिला मंडळ निघालं, आणि मंडळ निघालं म्हणजे स्पर्धा आली. गौरीच्या आराशीची स्पर्धा. परीक्षक म्हणून पोलादपूरच्या शाळेतल्या चारुशीलाबाई येणार होत्या. ठमाबाई तेव्हा नेमकी बहिणीकडे कळव्याला गेली होती. बहिणीच्या चाळीमागे एक डबकं होतं, आणि त्या डबक्यावर जांभळ्या फुलांचे असे काही तुरे उभे होते, की ठमाबाईचं पाऊल तिथेच थबकलं. प्रत्येक फुलाच्या वरच्या पाकळीवर निळसर छटा, मधोमध पिवळा ठिपका, मोराच्या पिसाऱ्यावर असतो तसा.

"काय बघतेस गो त्या घाणीकडं?" बहीण म्हणाली. "म्युन्सिपालटीवाले उपसून उपसून मेले. एक काढलं की दहा येतात."

"फुकट भेटतं म्हणून तुला किंमत नाय," असं म्हणून ठमाबाईनं साडी खोचली आणि बादलीभर झाडं उपसून एसटीत पायाशी घेऊन ती गावी आली. कंडक्टरनं विचारलं तर म्हणाली, "देवीचं हाय."

त्या वर्षी तिच्या गौरीसारखी गौर पंचक्रोशीत नव्हती. मुखवट्यामागे जांभळ्या तुऱ्यांची प्रभावळ, खाली तेरडा, दोन्ही बाजूंना गौरीचे हात म्हणून कळलावीची लालपिवळी फुलं. चारुशीलाबाईंनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि म्हणाल्या, "ठमाबाई, किती नाजूक! हे कमळच म्हणायचं का?"

"कमळच," ठमाबाई म्हणाली. एवढी आरास करून झाल्यावर फुलाला नाव नाही, असं कसं सांगायचं?

पहिलं बक्षीस म्हणून स्टीलची कळशी मिळाली. बायकांनी फुलाचं बारसं केलं : ठमाबाईचं कमळ. आणि तिसऱ्या दिवशी गौरीबरोबर ती फुलंही तळ्यात गेली. बादलीत उरलेली झाडंही गेली. गौरीबरोबर मांडलेली वस्तू उकिरड्यावर टाकायची नसते. ठमाबाईनं बादली पालथी केली, वरून हळदीकुंकू वाहिलं आणि हात जोडून म्हणाली, "आई, पुढल्या वर्षी अशीच भरभरून ये."

आईनं ऐकलं.

पहिल्या वर्षी घाटाजवळ फुलांचा एक पुंजका झाला. बाया धुणं धुता धुता कौतुकानं बघायच्या. दुसऱ्या वर्षी अर्धं तळं हिरवं झालं आणि कौतुक जरा कमी झालं. तिसऱ्या वर्षी तळं कुठे आहे ते आधीपासून माहीत असलेल्यालाच सापडत होतं. पाणी काळं पडलं, डासांनी गाव धरलं, धुणी घरच्या मोरीत आली. आणि एक दिवस सरपंच रावजी ठमाबाईच्या अंगणात प्रवेशला, तो शेवटच्या अंकातल्या खलनायकासारखा हातवारे करीत.

"ओ ठमावैनी! बाहेर या! तुमच्या कमळात माझी म्हस बसली!"

"बसली तर उठवा की."

"उठवा काय उठवा! गळ्यापत्तुर आत गेलीय. तिला वाटलं रान हाय, चरायला म्हणून गेली!"

ओटीवर सयाजी, म्हणजे ठमाबाईचा नवरा, सुपारी कातरत बसला होता. मान वर न करता तो म्हणाला, "रावजी, म्हशीला डोळे हायत का नाय?"

"हायत! पन खाली पानी हाय ते तिला काय ठावं? हिरवं दिसलं, गेली."

"तुझी म्हस अगदी तुझ्यावर गेली रे. इलेक्शनच्या वख्ताला तू पन असाच जातोस."

म्हैस निघाली. दोर लावून अर्ध्या गावानं ओढून काढली. पण त्या दिवसापासून 'ठमाबाईचं कमळ' हे शब्द म्हणायची तऱ्हा बदलली. कुणाचा पाहुणा आठ दिवस मुक्काम ठोकून बसला की लोक म्हणायचे, "ठमाबाईचं कमळ झालाय." कुणाचा खोकला जाईना, तेही ठमाबाईचं कमळ. एका लग्नात तर पंगतीत तिच्या समोरच कुणीतरी व्याह्यांबद्दल तसं बोललं, आणि पान वाढणारी पोरं हसून हसून भात सांडू लागली. ठमाबाईही हसली. घरी येऊन मात्र ती जेवली नाही.

हेही तिनं गिळलं असतं. गिळता आलं नाही ते वेगळंच. त्या भादव्यात देवतळीच्या बायकांना तळ्यात हात घालायला जागा मिळाली नाही. कुणी गौर रावजीच्या विहिरीवरून आणली, कुणी हायवे ओलांडून नदीवरून. ठमाबाईची लेक सासरहून सणाला आली होती. ती म्हणाली, "आये, आपण आपली बादलीत पोचवू." आणि खरोखरच ठमाबाईच्या गौरीचं विसर्जन मागच्या पडवीत, निळ्या प्लास्टिकच्या बादलीत झालं. ते पाणी मग मोरीत ओतावं लागलं.

"माहेरवाशिणीला मी मोरीतनं वाट दाखवली," रात्री ती नवऱ्याला म्हणाली. "ह्या हातानं आणलं, ह्याच हातानं काढीन. पन गौर तळ्यातच जाईल."

सयाजी म्हणाला, "बरं." त्याला वाटलं, सकाळपर्यंत विसरेल. तीस वर्षांच्या संसारात त्याचा हा अंदाज एकदाही बरोबर आला नव्हता.

पुढच्या उन्हाळ्यात तिनं रावजीच्या मागे लागून श्रमदान घडवून आणलं. म्हैस प्रकरणामुळे रावजीलाही उत्साह होताच. सगळं गाव पाण्यात उतरलं, आणि तळ्याच्या बांधावर त्या कमळाचा, म्हणजे जलपर्णीचा, ढीग देवळाच्या कळसाशी स्पर्धा करू लागला. तळ्यात आभाळ दिसलं. ठमाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि मग रावजीनं विचारलं, "आता ह्याचं काय करायचं? वाळू द्या, पेटवू."

चांगू गुरव पुढे झाला. चांगू एरवी गरीब माणूस, पण देवळाच्या पायरीवर उभा राहिला की त्याची उंची वाढायची. "पेटवता येनार नाय," तो म्हणाला. "हे गौरीसंगं आलेलं. निर्माल्य हाय हे. निर्माल्याला इस्तव लावायचा नसतो. पान्यातच सोडायचं असतं."

"कुठल्या पान्यात?"

"जिथनं काढलं तिथल्या."

नुकतंच स्वच्छ झालेलं पाणी समोर चमकत होतं. सगळ्यांना सगळं कळत होतं. पण 'मला कळतंय' असं गुरवासमोर म्हणायला पुढे कोण येणार? उद्या घरात काही बरंवाईट झालं, तर गाव त्याच्याकडेच बोट दाखवणार. शेवटी रावजीनं मध्यम मार्ग काढला. सगळं नको, मानाच्या पाच पाट्या सोडू, उरलेलं बांधावरच कुजू दे. पाच सवाष्णींनी पाच पाट्या डोक्यावर घेतल्या, ढोल वाजला, नारळ फुटला आणि ठमाबाईनं स्वतः, मानकरीण म्हणून, पहिली पाटी पाण्यात सोडली. मान नाकारणं तिला जमण्यातलं नव्हतं. पाच पाट्या पुष्कळ झाल्या. पाच झाडंही पुरली असती.

पावसाळा संपता संपता तळं पूर्ववत हिरवं झालं, आणि गौर पुन्हा बादलीत गेली.

ठमाबाईच्या परसात एक गोबरगॅसची टाकी होती. पूर्वी सरकारी योजनेतून गावात अशा दोनचार टाक्या झाल्या होत्या. म्हशी होत्या तोवर त्या चालल्या. मग म्हशी विकल्या गेल्या, पोरं मुंबईला गेली आणि टाक्यांवर कोंबड्या बसू लागल्या. ठमाबाईकडे एकच म्हैस उरली होती, तिच्या शेणावर चहासुद्धा उकळला नसता.

सयाजीचा धाकटा भाऊ महिपती महाडच्या एमआयडीसीत एका कारखान्यात सांडपाण्याच्या खात्यात होता. पाळी संपली की तो मोटारसायकलवरून यायचा आणि अंगणात आंघोळ केल्याशिवाय त्याची बायको त्याला उंबरा ओलांडू द्यायची नाही. एका संध्याकाळी तो असाच अंगावर पाणी ओतत असताना ठमाबाई त्याला तळ्याचं गाऱ्हाणं सांगत होती.

"वैनी, त्या टाकीत टाका की," महिपती साबण लावता लावता म्हणाला.

"काय?"

"ती जलपर्णी. आमच्याकडं काय वेगळं करतात? घाण बंद टाकीत भरायची, वारा लागू द्यायचा नाय. आत जिवाणू असतात, ते खातात आणि वायू सोडतात."

"त्यांना शेण लागतं ना पन?"

"बी म्हणून थोडं लागतं. विरजणाला ताक लागतं तसं. बाकी जे कुजेल ते चालतं."

"आणि हे कुजेल?"

"वैनी, हे कुजायलाच जन्मलंय."

दुसऱ्या दिवशी ठमाबाईनं आणि सयाजीनं कोंबड्या उठवल्या, टाकी साफ केली, म्हशीचं आणि शेजारच्या दोन गोठ्यांतलं शेण कालवून ओतलं आणि मग जलपर्णी अख्खीच्या अख्खी आत कोंबायला सुरुवात केली. संध्याकाळपर्यंत आत जाणारा पाइप असा तुंबला, की सयाजी बांबू घेऊन ढोसत बसला. ढोसता ढोसता आतलं काहीतरी सुटलं. पुढचा प्रसंग शब्दांत सांगण्यासारखा नाही. सयाजी टोपीपासून टाचांपर्यंत हिरवा झाला एवढंच सांगतो. त्या दिवशी महिपतीच्या बायकोनं दोन भावांच्या आंघोळीचं पाणी अंगणात तापवलं.

मग महिपतीनं रविवारी बसून रीत घालून दिली. मुळं छाटायची, कारण मुळांबरोबर चिखल येतो आणि तळाशी बसतो. झाड दोन दिवस उन्हात मरगळू द्यायचं. मग कोयत्यानं बारीक चिरायचं, भाजीसारखं. शेजारच्या खड्ड्यात शेणपाण्यात भिजत घालायचं आणि आंबल्यावर थोडं थोडं टाकीत सोडायचं. तरीही तंतू वर येऊन दाट साय धरतात. त्यासाठी टाकीवरचं लोखंडी झाकण रोज दोन्ही हातांनी गोल फिरवायचं. ठमाबाई ते जात्यासारखं फिरवायची.

पण गॅस सुटायच्या आधी चांगू गुरव आडवा आला. परसात येऊन त्यानं टाकीकडे संशयानं बघितलं.

"ठमावैनी, गॅस म्हंजे शेवटी जाळनंच की."

ठमाबाई याच प्रवेशाची वाट बघत होती. कंबरेवर हात ठेवून ती म्हणाली, "चांगूभाऊ, निर्माल्य कशात सोडायचं?"

"पान्यात."

"टाकीत काय हाय?"

चांगूनं आत डोकावून बघितलं. "पानी हाय."

"मंग पान्यात सोडलं. विसर्जन झालं. त्याच्यापुढं तिनं आपल्याला काय परत दिलं, तर तो तिचा प्रसाद. प्रसाद नको म्हणायचा?"

चांगूनं खूप विचार केला. "पानी किती खोल हाय?"

"पुरुषभर."

"मंग चालंल," तो म्हणाला, आणि जाता जाता हळूच विचारलं, "आमच्या घरात पन बसवता यील का?"

पहिल्यांदा सुटलेला वायू पेटलाच नाही. नुसता सडक्या अंड्याचा वास परसभर पसरला आणि सयाजी "मी बोललोच होतो" म्हणाला. तो काहीच बोलला नव्हता. पण एका सकाळी शेगडीवर काडी धरली आणि फस्सकन निळी ज्योत उठली. शांत, सरळ. ठमाबाई तिच्याकडे कितीतरी वेळ बघत राहिली. मग तिनं चहाचं आधण ठेवलं.

"चहाला वास येतोय," सयाजी म्हणाला.

"वास तुमच्या नाकात हाय. त्या दिवसापासून."

ठमाबाईला गॅसचं अप्रूप नव्हतं असं नाही. धुरानं तिचे डोळे कायम लाल असायचे, ते निवळले. पण तिचं गणित निराळं होतं. रोज दोन पाट्या तळ्यातून निघत होत्या. घाटाजवळ बांगडीएवढं, मग ताटाएवढं, मग परातीएवढं पाणी दिसू लागलं होतं. रोज काढत राहायचं, वाढण्याच्या आधी काढत राहायचं, आणि एका भादव्यात तळं मोकळं. शेगडी ही तिच्या लेखी त्या कामातून निघालेली मजुरी होती.

गावाच्या लेखी ती शेगडीच होती. त्या काळात सिलिंडर महाडहून मोटारसायकलला बांधून आणावा लागायचा, तोही मिळाला तर. चांगूच्या घरी टाकी झाली. रावजीनं पंचायतीतून योजना आणली, आणि बघता बघता गावात सात टाक्या उभ्या राहिल्या. चारुशीलाबाई शाळेची सहल घेऊन आल्या. ठमाबाईला टाकीजवळ उभं करून मुलांना म्हणाल्या, "बघा मुलांनो, जिला आपण शत्रू समजत होतो, तिलाच या माउलींनी मित्र केलं." मुलांनी टाळ्या वाजवल्या. 'ठमाबाईचं कमळ' हे शब्द गावात परत आदरानं उच्चारले जाऊ लागले. एकदोन घरांत तर लक्ष्मी म्हणायलाही सुरुवात झाली होती.

ठमाबाई खूष होती. सात घरं काढणार म्हणजे तळं सातपट लवकर मोकळं होणार. तिनं लेकीला निरोपही धाडला, या गौरीला नक्की ये.

आणि तेव्हाच देवळात गावाची बैठक बसली.

"माल कमी पडायला लागलाय," रावजी म्हणाला. "कोन बी उठतो, मनाला यील तेवढं काढतो. असंच चाललं तर येत्या दिवाळीपत्तुर सगळं संपून जाईल."

"मंग बरंच की!" ठमाबाई म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले. नाटकात एखाद्यानं भलत्याच अंकातलं वाक्य म्हणावं, तसे.

"वैनी, बरं काय? सात शेगड्या बंद पडतील! पंचायतीनं योजना आनली ती काय कोंबड्या बसायला?"

बैठकीत चारुशीलाबाईंनाही बोलावलं होतं. त्या समजुतीनं म्हणाल्या, "ठमाबाई, तुम्हीच तर हे संसाधन शोधलंत. आता ते जपून वापरायला हवं, एवढंच रावजींचं म्हणणं आहे."

"पन बाई, तळं?"

"तळं आहेच की. फक्त आता ते शेतासारखं वापरायचं."

ठरलं. प्रत्येक घराला पाळी. पाळीशिवाय पाण्यात उतरायचं नाही. झाड काढताना बी राखायचं, एका जागेवरचं सगळं उपटायचं नाही. आणि नियम मोडेल त्याला देवापुढे नारळाचा दंड. राखणीला रामा नावाचा एक रिकामटेकडा गडी नेमला. ज्या तणानं गावाची म्हैस गिळायला घेतली होती, त्या तणाला आता राखणदार मिळाला.

रामानं पहिल्या आठवड्यात एकच चोर पकडला. घाटाजवळ, भल्या सकाळी, कंबरभर पाण्यात. सगळं मुळासकट उपटून बांधावर फेकत होती.

"ठमाकाकू, पाळी नाय तुमची आज."

"घाट मोकळा करतेय रे. गौर यायचीय."

"मोकळा करायचा नाय असाच नियम हाय."

तिनं दंडाचा नारळ आणला, चांगूनं तो देवापुढे फोडला आणि रीतीप्रमाणे त्यातली एक कवड तिच्याच हातात प्रसाद म्हणून ठेवली. पुढच्या आठवड्यात दुसरा नारळ, मग तिसरा. सयाजी म्हणाला, "गो, आपल्या माडाला नारळ हायत म्हणून बरं. पन ह्या वर्षी सोलकढी बंद."

चौथ्या नारळानंतर ती बैठकीत उभी राहिली. या वेळी आवाज चढवला नाही, तेव्हाच सगळे जरा सावध झाले.

"देवाच्या बोकडाचे वाटे घालता. डोंगरावरच्या वरकसातल्या गवताचे वाटे घालता. वाट्यात आलेल्याचं ज्यानं त्यानं रांधावं नायतर कुत्र्याला घालावं, कोन इचारत नाय. मंग तळ्याचे वाटे घाला. जो तो आपल्या वाट्याचा मालक."

रावजीला ते एकदम पटलं. पाळीवरून रोज भांडणं होती, ती मिटत होती. बांबू रोवून, काथ्याची दोरी ताणून तळ्याचे वाटे पडले. मानकरी म्हणून पहिला वाटा चांगू गुरवाचा, तो घाटासमोरचा. त्याला लागून रावजीचा. ठमाबाईला आला पलीकडच्या टोकाचा, जिथे जलपर्णी खांद्याएवढी उंच आणि दाट माजली होती. सगळे म्हणाले, म्हातारीचं नशीब बघा.

संध्याकाळी ती चांगूच्या दारात उभी. "भाऊ, माझा वाटा घ्या. तुमचा मला द्या."

चांगूला आपल्या कानांवर विश्वास बसेना. घाटासमोर तर हिनंच उपटून उपटून काही ठेवलं नव्हतं! "वैनी, मागाहून कुरकुर करनार नाय ना?"

"नाय."

"देवाची आन?"

"देवीची."

चांगूनं घाईघाईनं होकार दिला. सरळ बाईला फसवल्याची टोचणी लागली म्हणून वर एक काकडीही दिली.

मग ठमाबाईनं आपल्या वाट्यातलं एकूण एक झाड काढलं. दोरीला जाळीचा तुकडा बांधला, शेजारचं आत येऊ नये म्हणून. निघालेली शेवटची जलपर्णी टाकीत गेली, तिचा गॅस काही आठवडे पुरला आणि एका दुपारी ज्योत भाकरी अर्धी कच्ची असतानाच विझली. ठमाबाईनं तवा उचलला आणि चुलीकडे वळली. गावात सहा शेगड्या जळत होत्या. सातवी, जी पहिली होती, तिच्यावर तिनं तांब्या पालथा घातला.

"साऱ्या गावाला गॅस दिलास आनि मला धूर?" सयाजी डोळे चोळत म्हणाला.

"भाकरी भेटतेय ना?"

"भेटतेय. कुठं हाय ते दिसत नाय, येवढंच."

पण पाऊस सुरू झाल्यावर जाळीखालून झाडं आत घुसायला लागली, तेव्हा हाच सयाजी लंगोट लावून, साठीच्या गुडघ्यांना शिव्या देत रोज सकाळी तिच्याबरोबर पाण्यात उतरू लागला. लोक बांधावरून बघायचे आणि हसायचे. त्याला हसण्याची सवय होती. तीस वर्षं तो प्रमुख पात्राच्या शेजारी उभा होता.

भादवा आला. त्या वर्षी गौर आणायला आधी फक्त ठमाबाई आणि तिची लेक घाटावर आल्या. तेरडा धुतला. पाण्यात मुळांची माती सुटून खाली जाताना दिसली, इतकं ते पाणी नितळ होतं. बोलायचं नसतं म्हणून दोघी बोलल्या नाहीत, आणि ते बरंच झालं.

तिसऱ्या दिवशी मात्र घाटावर गर्दी. चांगूची बायको, महिपतीची बायको, रावजीच्या घरची, सगळ्या आपापली गौर घेऊन तळ्याच्या काठाकाठानं फिरत होत्या. सगळीकडे लक्ष्मी माजलेली. हात घालायला जागा एकच. शेवटी त्या दोरीपाशी येऊन थांबल्या, कारण वाटा दुसऱ्याचा होता. रावजी पुढे झाला. नियम त्यानंच केलेला, त्यामुळे विचारायचंही त्यालाच होतं.

"वैनी..." त्यानं दोरीकडे बघितलं. "ते... आमच्या घरची गौर..."

"गौरीत तुमची-आमची काय हाय रावजी? वाटे झाडांचे घातले, तिचे नाय." तिनं दोरी पायानं दाबून धरली. "या गो बायांनो. पन नुसती गौर सोडा. आराशीचं काय असंल ते घरी न्या."

एकेक गौर पाण्यात गेली. ठमाबाईनं आपली सगळ्यात शेवटी सोडली. तेरडा जरा वेळ तरंगला, मग हळूच कलला आणि खाली गेला. ती काठावर उभी राहून बघत होती. पदर डोळ्यांना लावला तेव्हा सयाजी लेकीला म्हणाला, "चुलीच्या धुराचं हाय ते."

सण झाला, बाया घरी गेल्या, पण जलपर्णीला सण नसतो. दुसऱ्याच सकाळी रावजीच्या वाट्यातून जाळीखालून चारपाच झाडं घुसलेली दिसली. ठमाबाई पाण्यात उतरली, ती उपटली आणि बांधाकडे फेकणार, तोच पलीकडून हाक आली.

"वैनी, वैनी! बांधावर नको! इकडं टाका, आमच्या वाट्यात!"

तिनं टाकली. दुसऱ्या दिवशीही टाकली. हळूहळू तो शिरस्ताच झाला. रावजीच्या वाट्यातून रात्री झाडं इकडे यायची, सकाळी ठमाबाई ती परत तिकडे पोचवायची. रावजी ज्याला त्याला सांगायचा, वैनीसारखी उदार बाई नाही, स्वतःच्या वाट्यातलं रोज मला देते.

एवढं घेऊन गप्प बसणं त्याच्याही जिवाला पटेना. मग त्याची मुंबईची सून, प्रियदर्शिनी, रोज सकाळी स्टीलच्या पेल्यात चहा घेऊन घाटावर यायला लागली.

"काकी, गरम आहे हं, एकदम फ्रेश. गॅसवरचा."

ठमाबाई कंबरभर पाण्यातून दोन पावलं वर यायची, ओल्या हातांनी पेला धरायची आणि एक घोट घ्यायची.

"काय गो, साखर किती घातलीस? दुसरा पेला आन. ह्यांना पन दे, पलीकडं जाळी बांधतायत."